कुजबुजमास्तरांची साक्ष

माझे बाबा नाटकात होते म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या भूमिका करायचे? एकही नाही. बाबा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता उघडी ठेवायची आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, एवढंच काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. कंपनीतली मंडळी त्यांना कुजबुजमास्तर म्हणायची. प्रेक्षकांना त्यांचा आवाज कधी ऐकू गेला नाही, आणि याचाच त्यांना केवढा ताठा!

घरालाही तेच वळण लागलं. आई एखादं नाव आठवत थांबली की दादा आणि मी एकदमच शब्द पुरवायचो. पाहुणे वैतागायचे. "अडलेल्याला तसं ताटकळत ठेवू नये," बाबा म्हणायचे, "मात्र शब्द त्याचा द्यायचा, आपला नव्हे."

आता आई नाही, आणि बाबाच अडतात. गॅसवर दूध ठेवतात आणि संहिता शोधायला जातात. दात घासायचा ब्रश उशीखाली ठेवतात. पाच वाजले की स्वेटर घालून नाटकाला निघतात. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं लिहून दिलं, आणि त्यांचा कायदेशीर पालक कुणी व्हायचं यावरून दादाचं नि माझं जुंपलं.

दादा दुसऱ्या गावी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. घर तळमजल्यावर, वहिनी दिवसभर घरात. बाबा राहतात माझ्याकडे आणि मी चष्म्याच्या दुकानात नऊ ते सहा काचा घासते. गॅसच्या वासाने शेजारीण दोनदा धावत आली, हे दादाच्या वकिलाने चवीचवीने लिहिलं. माझ्या वकिलाने लिहिलं की नव्या घरात त्यांना बाथरूमसुद्धा सापडणार नाही. दोन्ही खरं होतं, हीच तर पंचाईत! मला बाबा माझ्याजवळ हवे होते. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, असं वकिलाने एकदा विचारलं तेव्हा मी त्याच्यावरच उखडले. उत्तर मला आजही माहीत नाही.

न्यायाधीश बाई म्हणाल्या, आधी मी त्यांच्याशी स्वतः बोलते. लहानशी खोली होती. बाबा टेबलाशी त्यांच्यासमोर, आम्ही दोघं मागे भिंतीला टेकून.

"आज वार कोणता?"

बाबांचे ओठ हलले आणि थांबले.

"मंगळवार," दादा पुटपुटला.

"मंगळवार!" बाबा खणखणीत आवाजात म्हणाले.

"मुलं किती तुम्हाला?"

"दोन." हा आवाज माझा होता. तोंड कधी उघडलं, मलाच कळलं नाही.

"दोन," बाबा म्हणाले. "थोरला मुलगा, धाकटी मुलगी."

असे पाच प्रश्न झाले. मग बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या दोघांच्याही अर्जात लिहिलंय की यांना काही आठवत नाही. आणि दोघंही मागून उत्तरं पुरवताय! तुम्हाला हवंय तरी काय?"

बाबा शहाणे ठरले असते तर दोघांचेही अर्ज बाद झाले असते. हे कळत होतं, तरी त्यांना अडलेलं पाहवत नव्हतं.

"आता कुणी बोलायचं नाही," असं बजावून बाई पुढे वाकल्या. "आजोबा, तुम्हाला कुणाकडे राहायला आवडेल?"

बाबा थांबले. मान वळवून आमच्याकडे पाहू लागले. दादा जमिनीकडे बघत होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले. 'धाकटीकडे', एवढाच शब्द द्यायचा होता, आणि बाबांनी तो म्हटलाही असता. त्यांची बोटं टेबलावर चाचपडायला लागली, कपाळावर घाम आला. ते घाबरले होते. मला माझा राग आला, दादाचाही आला. हा का गप्प?

"थोरल्याकडे," मी म्हणाले.

"थोरल्याकडे!" बाबा म्हणाले आणि हुश्श करून मागे टेकले.

बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तुमचा अर्ज?"

"मागे घेते."

का, ते विचारू नका. जिभेवर माझंच नाव होतं, पण तो शब्द माझा होता, बाबांचा नव्हे. मग दादाचं नाव तरी त्यांचं होतं का? कोण जाणे! आपण चांगलं केलं की घोळ घातला, हे मला जिना उतरेपर्यंतही ठरवता आलं नाही.

खाली दादा गाडी आणायला गेला. रडवेला झाला होता. बाबा माझ्याजवळ सरकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "शब्द वेळेवर दिलात हो. कंपनीत नव्या का तुम्ही?"

"हो," मी म्हणाले. "आजच आले."