शार्दूलचे पाच शब्द

शैलेंद्र खांबेट्यांचा परीक्षेवर जितका विश्वास होता, तितका देवावरही नव्हता. पुण्याहून सिडनीला आले, पॅरामॅटातल्या एका बँकेत आयटीला लागले, वेंटवर्थव्हिलला घर घेतलं आणि मुलगा शार्दूल कळता झाल्याबरोबर त्याला सिलेक्टिव्ह, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या सरकारी शाळेच्या परीक्षेला जुंपलं. पाठांतराची त्यांची एक युक्ती होती. शब्दांची गोष्ट करायची. शब्द विसरतात, गोष्ट विसरत नाही, असं ते म्हणत, आणि पोराला ते पटलंही. शार्दूल चांगल्या शाळेत लागला.

तिथे जाऊन त्याने काय करावं, तर रग्बी लीग. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला दोघातिघांनी मिळून आडवं करायचं, तो उठला की पुन्हा आडवं करायचं, हा खेळ. शार्दूल मैदानाच्या मधोमध खेळायचा, जिथे अंगावर येणारा प्रत्येक गडी रेड्यासारखा. दिवाळीच्या कार्यक्रमात आपली मंडळी विचारायची, "अजून खेळतोच का? मग युनिव्हर्सिटीचं काय?" पुढे त्याला क्लबचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, तो टीव्हीवर दिसू लागला, तेव्हा हीच मंडळी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढू लागली. उगवत्या सूर्याला नमस्कार, दुसरं काय.

शैलेंद्र प्रत्येक मॅचला जायचे. चित्राताई, म्हणजे शार्दूलची आई, पोरगा खाली पडला की डोळे मिटून घ्यायच्या. शैलेंद्रना अभिमान होता, पण आत कुठेतरी एक रुखरुखही होती. या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पोराला शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं.

म्हणून त्या रविवारी वरणभात खाता खाता शार्दूलने विचारलं, तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला.

"बाबा, तुझी ती वर्ड्स लक्षात ठेवायची ट्रिक होती ना, स्टोरीवाली? परत दाखव ना."

"आता कशाला?"

"डोक्याला लागलं की डॉक्टर आत नेऊन टेस्ट घेतो. पाच वर्ड्स सांगतो, मग परत विचारतो. नाही आले तर बाहेर बसवतात, पुढची मॅच पण जाते. आमच्याकडे त्याच त्या चार लिस्टा फिरवतात, सगळ्यांना माहितीयेत. सगळेच पाठ करतात, नो वरीज."

चित्राताईंनी आमटी वाढता वाढता हात थांबवला. "अरे, डोक्याला किती लागलंय ते बघायला घेतात ना ती टेस्ट? मग पाठ करून काय उपयोग?"

"तुझं काहीतरीच," शैलेंद्र म्हणाले. "परीक्षा म्हटली की तयारी आलीच."

चित्राताई गप्प बसल्या. पुढे त्यांना त्या गप्प बसण्याचा फार राग आला.

त्याच दुपारी बापलेकांनी गोष्टी रचल्या. पहिली सगळ्यात झकास होती. लॅडर, मँगो, पिलो, रिव्हर, बटन. शिडीवर चढलो, आंबा तोडला, उशीखाली लपवला, नदीत पडलो आणि शर्टाचं बटण तुटलं. शार्दूल लहानपणी हसायचा तसा खदखदून हसला. शैलेंद्रना वाटलं, गेलेलं पोर परत मिळालं.

त्यानंतर कितीतरी सीझन तो खेळला. डोकं आपटायचं, आत न्यायचे, थोड्या वेळात शार्दूल धावत परत मैदानावर. मॅचनंतर शैलेंद्र फोन करायचे. "पास?" "फुल मार्क्स, बाबा." आणि हे ते चारचौघांत कौतुकाने सांगायचे. ज्या परीक्षेत नापास होण्यातच पोराचं भलं होतं, तिच्यात त्यांनी त्याला दरवेळी पहिला आणला.

तिशीतच क्लबने कॉन्ट्रॅक्ट थांबवलं. शार्दूल आईबापांकडे राहायला आला. पहिल्यांदा तो शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडी शोधत राहिला, ट्रेनने आला होता तरी. मग गॅस चालू राहू लागला. मग एकच प्रश्न सकाळभर. एकदा जेवताना आई काहीतरी बोलली म्हणून त्याने ताट भिरकावलं, आणि मग त्याच खरकट्यात बसून लहान मुलासारखा रडला. कशासाठी रडतोय, तेही त्याला सांगता येईना.

शेवटी शैलेंद्र त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी सावकाश पाच शब्द सांगितले, नवेच. मग घड्याळ काढायला लावलं. शार्दूलचं घड्याळ धड आलं नाही, सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. मग त्यांनी विचारलं, मघाचे शब्द आठवतात का?

शार्दूल ताठ बसला. कित्येक महिन्यांत दिसला नव्हता असा त्याचा चेहरा उजळला.

"लॅडर, मँगो, पिलो, रिव्हर, बटन."

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नक्की ना, असं हळूच विचारलं. तो म्हणाला, "शुअर."

शैलेंद्रना गप्प बसता आलं असतं. डॉक्टरांना काही कळलं नसतं, घरी चित्राताईंनाही नाही. पण त्यांना बसवेना. या शब्दांचं काय आहे ते त्यांनी सांगितलं. रविवार, वरणभात, शिडी, आंबा, चित्राताई काय म्हणाल्या होत्या आणि आपण काय म्हणालो होतो, सगळं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. शार्दूल मात्र आंब्यापाशी हसला.

परतताना गाडी शैलेंद्र चालवत होते. हायवेला लागल्यावर शार्दूल म्हणाला, "बाबा, पास झालो ना?"

"हो रे," शैलेंद्र म्हणाले. "फुल मार्क्स."

तो खुशीत मागे टेकून बसला. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा त्याने तेच पुन्हा विचारलं, आणि शैलेंद्र पुन्हा हो म्हणाले.