दुसऱ्या बंधाऱ्याचा कागद

मुलीनं पुण्यात एक जुनी होडी विकत घेतली आणि जीपच्या टपावर बांधून अंबडला आणली, तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली. चांगली चौदा-पंधरा फूट लांब, पण अंगानं बारीक. दोन माणसं एकामागं एक बसतील एवढीच. तिला कॅनो म्हणतात. शेजारच्या कापड दुकानवाल्या काकूंनी ती बोटानं वाजवून बघितली आणि मला विचारलं, "साहेब, हिच्यात बसून जायचं कुठं?"

जायचं होतं गोदावरीतून. चार दिवस, तीन मुक्काम. मुलगी आणि तिची ऑफिसातली मैत्रीण, दोघीच. गावं टाळायची, वाळूवर तंबू ठोकायचा, स्वतः रांधून खायचं. मी म्हटलं, घरात काय कमी पडतंय? तर हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त रस्ता आखून द्या. गोदावरीचं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

इथं मी फसलो. मी कालव्यावरचा निरीक्षक. आयुष्य पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात गेलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी पाण्याबद्दल काही विचारलेलं नव्हतं. स्तुतीला भुलून मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

नकाशा जमिनीवर अंथरला. ओला दोरा नदीच्या वळणावळणावर बसवायचा आणि मग तो फूटपट्टीवर सरळ करून मोजायचा, ही माझी जुनी पद्धत. मुलगी म्हणाली, मोबाइलवर एका बोटात अंतर येतं. मी म्हटलं, येऊ दे, माझा दोराही येऊ दे. दोन्हींत फरक पडला की माझा जीव वर-खाली व्हायचा आणि मी पुन्हा दोरा भिजवायचो.

अंतराचं एवढं नव्हतं. खरी अडचण बंधाऱ्यांची. आमच्या बाजूची गोदावरी म्हणजे बंधाऱ्यांची उतरंड. एकाचं फुगलेलं पाणी संपतंय तोच दुसरा. प्रत्येक ठिकाणी होडी पाण्याबाहेर काढायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची, बंधाऱ्याला वळसा घालून खाली न्यायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची. मुलगी त्याला "खांदा" म्हणायला लागली. पहिला खांदा, दुसरा खांदा. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "असलं अभद्र बोलू नका गं घरात!" तेव्हापासून आम्ही त्याला "उतार" म्हणायला लागलो.

उतारावर एकच गोष्ट महत्त्वाची, कुठल्या काठानं उतरायचं. पाणी जातं त्या दिशेला तोंड केलं की डावा काठ आपल्या जालन्याचा आणि उजवा पलीकडचा, बीडचा. प्रत्येक बंधाऱ्याचा मी वेगळा कागद केला. कुठल्या झाडापाशी थांबायचं, पाऊलवाट किती, चढ किती. मुक्कामाला ऊस टाळायचा, कारण अंकुशनगरच्या बाजूला ऊस पार काठापर्यंत आलाय आणि उसात काय बसलेलं असेल सांगता येत नाही. आणि एक नियम मी ठासून लिहिला. मोबाइल दिवसभर बंद करून वॉटरप्रूफ पिशवीत. संध्याकाळी सातला फोन. चार दिवस बॅटरी पुरली पाहिजे.

मुलगी म्हणायची, "तिथल्या माणसाला विचारू ना बाबा. मासे धरणारे असतातच की."

"त्यांना काय विचारायचं? मी कशाला बसलोय इथं?" मी म्हणायचो. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दुसऱ्या बंधाऱ्याच्या कागदावर मी आधी "डावा काठ, वाट चांगली, चढ कमी" असं लिहिलं होतं. नकाशात तसंच दिसत होतं. तरी मन राहीना, म्हणून एक दिवस स्कूटर काढून जाऊन आलो. डाव्या टोकाची दोन गेटं खालून हात-दीड हात उचललेली होती. खालच्या गावांना पाणी जात होतं. वरून पाणी एकदम शांत, आरशासारखं. मी बाभळीची एक वाळकी फांदी टाकली. ती सावकाश गेटाकडं गेली, क्षणभर उभी राहिली आणि गेली. पुन्हा वर आली नाही. मी बराच वेळ खालच्या अंगाला बघत उभा होतो.

घरी येऊन लाल शाईनं नवा कागद केला. "उजवाच काठ. मोठ्या लिंबापाशी पाण्याबाहेर. पुढं एक हातही जायचं नाही." जुना कागद फाडला नाही. जुना कागद फाडायचा नाही, ही नोकरीतली सवय. नवा त्याच्यावर ठेवून दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवले.

एवढ्यात बायकोनं पंचांग काढलं. निघायचा दिवस शनिवार, आणि त्या दिवशी अमावस्या. मुलीची रजा तेव्हापासूनच, म्हणजे बदलायचं काही नव्हतं. बायको रडकुंडीला आली. मी तिच्या पंचांगाची जन्मभर टिंगल केलेली. याही वेळी केली. पण ती फांदी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. मी कुणाला न सांगता प्रस्थान ठेवलं.

आमच्याकडं ही जुनी रीत आहे. निघायचा दिवस वाईट असेल तर जाणाऱ्याची एखादी वस्तू आधीच्या चांगल्या दिवशी शेजारी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. निघताना ती वस्तू तिथूनच उचलून पुढं जायचं. सामानातली एखादी चीज घेतली असती तर पोरी हसल्या असत्या. बंधाऱ्यांच्या कागदांची फाइल मात्र माझ्या ताब्यात होती. गुरुवारी मी दुसऱ्या बंधाऱ्याचा लाल शाईचा कागद काढला, मूठभर तांदूळ आणि सुपारीसोबत रुमालात बांधला आणि काकूंच्या देवघरात ठेवून आलो. सगळ्यांत अवघड ठिकाण तेच, म्हणून तोच कागद. काकू म्हणाल्या, "बराबर केलं साहेब. कुणाला बोलत न्हाई मी."

शनिवारी पहाटेपासून घरात दोऱ्या, डबे, तंबू, जॅकेट. होडी जीपवर चढवताना माझा अंगठा चेंगरला. नदीवर पोचलो, पोरी बसल्या, वल्ही पाण्यात पडली. बायकोनं पाण्याला हळद-कुंकू वाहिलं. मुलीनं फाइल उंच करून दाखवली आणि ओरडली, "सगळं आहे हो बाबा!" मीही मान हलवली.

साडेअकराला आम्ही घरी चहा घेत होतो. काकू दारात आल्या. हातात रुमालाची गाठ.

"साहेब, पोरी गेल्या का? अन् पस्थान इथंच राह्यलं की."

माझ्या हातातली बशी खाली गेली. आता फाइलमध्ये वर होता तो जुना कागद. डावा काठ, वाट चांगली, चढ कमी. माझ्याच अक्षरात. फोन लावला, बंद. बंदच असणार, नियम माझाच होता. बायको विचारत राहिली काय झालं, काय झालं. मी रुमाल खिशात कोंबला आणि स्कूटरला किक मारली.

माझ्या वेळापत्रकाप्रमाणे त्या दोनला दुसऱ्या बंधाऱ्यावर पोचणार होत्या. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो तेव्हा मी त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला नाही नाही ते बोललो. शेवटचा रस्ता कच्चा. पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मी डाव्या काठावर. अंबडहून येणारा माणूस दुसरीकडं येणार कुठं? बंधाऱ्यावरून पलीकडं जायच्या पुलाच्या दाराला कुलूप होतं, चौकीदार जेवायला गेला होता. गेटं तशीच उचललेली. पाणी तसंच शांत.

पावणेदोनला वळणावर होडी दिसली. आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना, ती उजव्या काठाला धरून येत होती! कशी, ते मला कळेना. कळून घ्यायला वेळही नव्हता. मी आनंदानं वेडा झालो. गळ्यातला पांढरा पंचा काढला आणि तिकडंच राहा, तिकडंच, असं ओरडत जोरजोरात हलवायला लागलो.

मुलीनं मला ओळखलं. वल्हं उंच केलं. आणि होडीचं तोंड माझ्याकडं वळलं.

वारा माझ्या तोंडावर होता. माझा एक शब्द तिकडं जात नसणार. मी आणखी हात केले. तिकडं! तिकडं! होडी पात्राच्या मध्यावर आली. मी जितका हात करत होतो तितकी ती येत होती. लहानपणी शाळेच्या फाटकातून बाहेर आली की गर्दीत मी हात वर करायचो आणि ती आजूबाजूला न बघता सरळ पळत यायची. तेव्हा मला त्याचा किती अभिमान वाटायचा.

मग एकदम कळलं की मी तिथं आहे, हाच धोका आहे.

पंचा खाली टाकला आणि काठाची माती ढासळू नये म्हणून रचलेल्या दगडी पिचिंगमागं आडवा झालो. दगड तापलेले. गाल त्यांवर टेकवला, डोळे मिटले, खिशातली तांदळाची गाठ मुठीत धरली. बघायचं नाही. डोकं वर काढलं आणि तिनं पाहिलं तर पुन्हा येईल. पाणी गेटाखालून जाताना घुं घुं आवाज करत होतं आणि त्या आवाजात दुसरं काही ऐकू येतंय का, ते मी ऐकत होतो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी घाबरलो होतो, इतका जन्मात कधी घाबरलो नव्हतो.

शेवटी दोन दगडांच्या फटीतून बघितलं. पलीकडं मोठ्या लिंबाखालून दोघी चालल्या होत्या. होडी उलटी, दोघींची डोकी होडीत, दिसत होते नुसते चार पाय. त्या बंधाऱ्याला वळसा घालून खाली उतरेपर्यंत मी उठलो नाही.

संध्याकाळी बरोबर सातला फोन आला.

"बाबा, तुम्ही तिथं काय करून राह्यले होते?"

"सहज आलो होतो. तू उजव्या काठानं कशी काय?"

"पहिल्या बंधाऱ्यावर मासे धरणारे भेटले, त्यांना विचारलं. म्हणाले, पुढं डाव्या अंगाला गेटं उचललेत, जाऊ नका. तुमच्या कागदावर तर डावा लिहिलेला. मंग तुम्हीच दिसले हात करताना. म्हटलं, बाबा बोलवून राह्यले म्हणजे तिकडूनच बराबर असेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंग एकदम गायबच झाले. वाटलं गेले निघून. थोडं थांबून बघितलं, मंग मासे धरणाऱ्यांचंच ऐकलं अन् परत वळलो. तुम्ही तसेच उभे राह्यले असते ना, तर आलेच असते मी."

बायको समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. रुमालाची गाठ आमच्या दोघांमध्ये टेबलावर पडलेली, अजून सोडलेली नव्हती.

"तिसऱ्या बंधाऱ्यावर मी येणार न्हाई," मी म्हटलं. "तिथं विचारून उतरा."