टाळी कधी वाजवायची

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळात रविकांतरावांना विचारल्याशिवाय कुणी सिंफनीचं, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलीचं, तिकीट काढत नसे. तसे ते चिप बनवणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर, पण ब्राह्म्स या जर्मन संगीतकाराच्या चार सिंफनींबद्दल असे बोलत, जणू तो त्यांचा आत्तेभाऊच. आणि शेवटी ताकीद ठरलेली: सिंफनीचे चार भाग असतात, मध्ये टाळी वाजवायची नाही, ‘वा’ तर मुळीच म्हणायचं नाही.

या ताकिदीचं मूळ घरातच होतं. बायको मेधा डिपेंडंट व्हिसावर नुकतीच आली होती, तेव्हा रविकांतराव तिला कौतुकाने सिंफनीला घेऊन गेले. पहिला भाग संपला आणि ती टाळ्या वाजवून मोकळी झाली. पुण्यात गाणं शिकलेली बाई. आवडलं की दाद द्यायची, एवढंच तिला ठाऊक. रविकांतरावांनी तिचे दोन्ही हात धरून खाली दाबले. त्यानंतर तिला कधी नेलं नाही. तिनंही विचारलं नाही, पण ते तिला फार लागलं होतं.

मग कोरोना आला. कित्येक महिन्यांनी सभागृह उघडलं, तेही जेमतेम तीस श्रोत्यांसाठी. रविकांतरावांनी खटपट करून ब्राह्म्सच्या तिसऱ्या सिंफनीची दोन तिकिटं मिळवली. नेहमीचा सोबती, ऑफिसातला डच मित्र, आजाराच्या भीतीने नको म्हणाला. तिकीट वाया जाऊ नये म्हणून मेधाची वर्णी लागली. गाडीत वाटभर शिकवणी चालली.

“आणि ही सिंफनी हळूच संपते. लोकांना कळतच नाही. मी टाळी वाजवली की मगच तू वाजव, ओके?”

“बरं,” मेधा म्हणाली.

तिसऱ्या भागात चेलो या मोठ्या तंतुवाद्यांनी त्या भागाची प्रसिद्ध धून धरली. इतके महिने लॅपटॉपवर ऐकून कान विटलेले, आणि आता समोर माणसं वाजवत होती. रविकांतराव खुर्चीत पुढे सरकले. मग तीच धून हॉर्न या पितळी वाद्याने एकट्यानं घेतली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “वाऽऽ!”

गर्दी असती तर पचलंही असतं. इथे सगळ्या माना वळल्या. मेधा तेवढी समोर बघत राहिली.

चौथा भाग विझत विझत थांबला. सभागृह गप्प. संपलं की नाही, कुणालाच खात्री नव्हती. रविकांतरावांना होती, आणि गेलेली अब्रू परत मिळवायची वेळ हीच होती. त्यांनी हात उचलले.

मेधाने ते दोन्ही हात धरून हळूच खाली दाबले.

“थांबा,” ती कुजबुजली, “आधी लोकांना वाजवू द्या.”