बाकावर अंथरलेला दुपट्टा

नोकरीत पाहिलेल्या खुनांचे आणि दरोड्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. वणीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलातलं न जेवलेलं ताट मात्र मला अजून जसंच्या तसं दिसतं. मी पहिल्यापासून खाण्याचा शौकीन, त्यामुळेही असेल. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्या दोन घरांत आता नातवंडं नांदत असतील, आणि ही हकीकत त्यांच्या कानावर गेली असेलच असं नाही.

विदर्भ मुंबई राज्यात येऊन फार दिवस झाले नव्हते. बाजारात नवे पैसे सुरू झाले होते, पण लोकांच्या तोंडून आणे काही जात नव्हते. यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूला एका लहानशा ठाण्याचा मी ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत एका फाट्यावर एकच हॉटेल होतं. यवतमाळहून वणीला जाणारी खाजगी मोटार दुपारी तिथे जेवणासाठी थांबायची. दारावर पाटी होती, 'जेवण बारा आणे. पोटभर.'

लग्नसराईतल्या एका दुपारी हॉटेलमालकाचा साळा सायकल दामटत ठाण्यात आला. घामाने निथळत होता.

"ठाणेदारसाहेब, हॉटेलात दरोडा पडला! आमच्या भाऊजीचं डोकसं फोडलं. एकाले धरून बांधून ठेवलं."

दरोडा म्हटल्यावर मी जमादार आणि दोन शिपाई घेऊन निघालो. जाऊन पाहतो तर दरोडेखोर एकच, आणि तोही पन्नाशीचा शेतकरी. विहिरीच्या दोराने त्याला खांबाला बांधलं होतं. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, धुतलेलं धोतर. लुटायला निघालेला माणूस इस्त्री करून निघत नाही, पण हा काही पुरावा नव्हे. मालक डोक्याला फडकं गुंडाळून बसला होता आणि गल्ल्यातली चिल्लर जमिनीवर विखुरली होती.

मालकाची फिर्याद अशी होती. "मोटर सुटली तरी हा मांगं थांबला. गल्ल्यावर झेपावला. म्या हात धरला त डोकस्यात तांब्या हानला." आचारी आणि दोन वाढपी यांनीही हेच सांगितलं, अगदी याच शब्दांत. साक्षीदार एका सुरात बोलू लागले की माझे कान टवकारतात. खरं पाहिलेली माणसं थोडं थोडं वेगळं सांगतात.

मालकाला दवाखान्यात धाडलं आणि मी पंचनाम्याला बसलो. तांब्या, चिल्लर, उपडा पडलेला गल्ला. मग नजर ताटांवर गेली. ओळीने सगळी ताटं भरलेली. पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, भात, वरण, सगळं जागच्या जागी.

"एवढे लोक उपाशी कसे उठले?" मी वाढप्याला विचारलं.

"उन्हाची भूक नसते साहेब लोकाइले," तो म्हणाला, आणि लगबगीने ताटं आत नेऊ लागला.

कोपऱ्यातल्या बाकावर मात्र एक पांढराशुभ्र दुपट्टा चौघडी करून अंथरलेला होता. त्याच्यापुढचं ताट तेवढं रिकामं होतं, शेजारचं भरलेलं. आमच्या भागातला शेतकरी परगावी निघाला की खांद्यावर दुपट्टा असतोच. आरोपीचा खांदा मोकळा होता. दुपट्टा कोणाचा, असं मी विचारलं. त्याने एकदा तिकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी दुपट्टा मुद्देमालात घेतला, कागदात बांधला आणि वर लाखेचं सील केलं.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. नाव, गाव, बापाचं नाव, सगळं त्याने नीट सांगितलं. तांब्या मारल्याचंही लगेच कबूल केलं.

"का मारलास?"

गप्प.

"मोटार सोडून मागे का थांबलास?"

गप्प.

"चोरीसाठी?"

"पैशाले हात नाई लावला साहेब."

संध्याकाळी जमादार त्याच्या गावी चौकशी करून आला. त्याने आणलेल्या माहितीने गुंता आणखी वाढला. या माणसाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, होऊन गेला होता. जमादाराने हिशेब जुळवून टाकला. "लग्नाच्या खर्चासाठीच हात मारला असन साहेब." वरवर पाहता ते पटण्यासारखं होतं. जबरी चोरी आणि त्यात दुखापत, म्हणजे माणूस कितीतरी वर्षं आत.

मी आरोपीला समोर बसवून कलम समजावून सांगितलं. "चोर म्हणून तुरुंगात गेलास तर लेकीची सोयरीक टिकेल का?"

त्याचे डोळे भरले, पण उत्तर मला अपेक्षित नव्हतं ते आलं. "खोटा आळ हाये साहेब. आज ना उद्या धुवून निघन."

ज्याला सोयरीक मोडण्याचं भय नाही, असा मुलीचा बाप मी पाहिला नव्हता. याला भय होतं, पण ते दुसऱ्याच कशाचं तरी होतं. त्या विचाराने मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पोलीस कोठडी दिली. परत आल्यावर चहा पिताना जमादार सहज म्हणाला, "त्या हॉटेलात मोटरीतला मानूस जेवून उठलेला म्या आजवर पाह्यला नाई."

"मग काल का नाही बोललास?"

"तुमी गुन्ह्याचं इचारलं साहेब. हे त तिथलं रोजचंच हाये."

असे जमादार मला सगळ्या नोकरीत भेटले. त्यांना सगळं ठाऊक असतं. फक्त ते विचारायचं कसं, हे आपल्याला ठाऊक नसतं.

तिसऱ्या दिवशी मी धोतर नेसलो, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि फाट्याच्या अलीकडच्या गावी जाऊन मोटारीत बसलो. वर्दीत गेलेल्या पोलिसाला हॉटेलची खरी चव कधीच कळत नाही, कारण त्याला वेगळ्या भांड्यातलं वाढतात. कोणी ओळखेल अशी धास्ती नव्हती. लोक पोलिसाचा पट्टा आणि टोपी बघतात, तोंड कोणी बघत नाही.

फाट्यावर कंडक्टर ओरडला, "जेवून घ्या! मोटर अर्धा घंटा थांबन." गल्ल्यावर मालकाचा साळा होता. बारा आणे आधी ठेवायचे, मग बाकावर बसायचं. आणे नसतील तर नव्या पैशांत घेई, आणि ते तो आपल्या बाजूने मोजी. पुढे पाणी आलं. बऱ्याच वेळाने रिकामं ताट आलं. मग मीठ, चटणी. वाढपी असे चालत होते, जणू त्यांच्या पायात काटे रुतलेत. पोळी आली तेव्हा मला सडकून भूक लागली होती. शेवटी भात आणि त्यावर वरण, थेट चुलीवरून उतरवलेलं, खदखदणारं. बोट लावलं तर पोळलं. भाजीही तशीच. सगळेजण फुंकरा घालत बसले.

तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. ड्रायव्हर आणि कंडक्टर मागच्या खोलीतून मिशा पुसत बाहेर आले. पुढची मोटार थेट संध्याकाळी. लोक शिव्या देत उठले. गंमत म्हणजे मीही उठलो. खिशात पोलिसाचं ओळखपत्र, त्या हद्दीचा मी मालक, आणि भोंगा ऐकून गरम ताट सोडून धावलो! मागे वळून पाहिलं तर वाढपी ताटं उचलून आत नेत होता. वरण परत पातेल्यात, भात परत भातात. उद्याच्या मोटारीला तेच.

पुढच्या गावी मी उतरलो. पोटात कावळे ओरडत होते आणि डोकं संतापाने तापलं होतं. एका जेवणाचे पैसे कितीदा घेतले जात होते, कोण जाणे. पण एवढ्यासाठी शांत शेतकरी माणूस तांब्या मारील, हे पटत नव्हतं. बाकीचे लोक चरफडतच मोटारीत बसले होते. मग मला तो चौघडी केलेला दुपट्टा आठवला. स्वतःच्या बुडाखाली कोणी असा दुपट्टा अंथरत नाही.

ठाण्यात येताच मी त्याला कोठडीतून काढलं, समोर बसवलं आणि पाणी दिलं.

"दुपट्टा कोणासाठी अंथरला होता तुम्ही?"

तो दचकला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा रडला.

"इवायासाठी," तो म्हणाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मुलीचे होणारे सासरे आणि तो, दोघे यवतमाळला लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे कापडखरेदीला, गेले होते. "इवायानं घरून शिदोरी आनली होती. मीच म्हटलं, आज तुमी माहे पाहुणे, हॉटेलात जेवू. आग्रह केला साहेब. दुपट्टा अंथरला. अन् पयला घास घ्याच्या आंधी भोंगा वाजला. माह्या लेकीच्या सासऱ्याले भरल्या ताटावरून उठा लागलं."

"मग?"

"त्याइले मोटरीत बसोलं. म्हटलं, सुट्टे पैसे घेऊन मांगच्या मोटरीनं येतो. गल्ल्यावर जाऊन हात जोडले, म्हटलं पाहुण्याचं ताट बांधून दे, घरी नेऊन पोचवतो. त थो हासला. म्हने, पाहुण्याले घरी जेवू घालाचं होतं, हॉटेलात कायले आनलं? अन् माह्या डोयादेखत ते ताट पातेल्यात उपडं केलं. मंग मले काई सुधरलं नाई. तांब्या हानला, झोंबाझोंबीत गल्ला पडला."

"हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही आत नसता."

"तुमी लिहून घेतलं असतं, कोर्टात वाचलं असतं. दोन्ही गावात झालं असतं. चोरीचा आळ खोटा हाये, थो धुवून निघन. हे त खरं हाये साहेब. हे कायनं धुवाचं?"

चोरीचं कलम काढायचं तर इवायांचा जबाब हवा होता, आणि तोच घेऊ नका म्हणून हा माणूस पाया पडत होता. मुलीचं लग्न दोन्हीकडून अडकलं होतं.

सकाळी ठाण्याच्या ओट्यावर एक उंच, करड्या मिशांचा गृहस्थ येऊन उभा राहिला. खांद्यावर दुपट्टा, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. बाजारात त्यांना कळलं होतं की हॉटेलातला दरोडेखोर म्हणजे आपले इवाई. कोठडीतल्या माणसाने त्यांना पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी काही विचारायच्या आधी ते खुर्चीवर बसले. "लिहा साहेब. मले भरल्या ताटावरून उठवलं, हे लिहा. कोनं उठवलं तेही लिहा. हॉटेलवाल्यानं अन् मोटरवाल्यानं. माह्या इवायानं नाई. त्यानं त सोताचा दुपट्टा अंथरला होता. कोर्टात मोठ्यानं वाचा."

असा स्वच्छ जबाब मी क्वचितच लिहून घेतला. सही करून त्यांनी विचारलं, "लग्नाची तारीख तीच हाये. आता आमी दोघं जेवू का?"

मी आरोपीला बाहेर काढून व्हरांड्यात बसवलं. इवायांनी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, चौघडी केली आणि त्याच्यापुढे अंथरला. "बसा," ते म्हणाले. तो बसेना. त्यांनी खांदा धरून बसवला. ज्वारीच्या भाकरी, बेसन म्हणजे पिठलं, मिरचीचा ठेचा. दोघेही मान खाली घालून जेवू लागले.

आरोपीला त्या दिवशी वणीच्या कोर्टात हजर करायचं होतं. नेणार तीच मोटार, कारण दुसरी थेट संध्याकाळी होती. ती ठाण्यासमोर आली आणि भोंगा वाजला. दोघांचेही हात जागच्या जागी थांबले. आरोपी तर अर्धा उठलाच.

"बसा!" मी असा ओरडलो की पहाऱ्यावरचा शिपाई सावधानमध्ये उभा राहिला.

बाहेर गेलो. मला पाहून कंडक्टरची पाचावर धारण बसली. "किती वेळ थांबू साहेब?"

"पोटभर," मी म्हटलं.

मोटार थांबली. प्रवाशांना काय झालं ते कळलं नाही, पण कोणी कुरकुर केली नाही.

जबरी चोरीचं कलम गेलं. दुखापत कबूल केल्यामुळे दंड झाला, आणि तो भरून तो माणूस त्याच दिवशी घरी गेला. मुद्देमालातला दुपट्टा कोर्टाने परत दिला. हॉटेलमालक आणि कंडक्टरवर फसवणुकीची कारवाई झाली. मालक शेवटपर्यंत म्हणत होता, "मी पैसे घेतो अन् ताट वाढतो. खाणं न खाणं त्याइच्या हाती." त्याला आपलं काही चुकलं असं खरोखरच वाटत नव्हतं, आणि अशी माणसं मला सराईत चोरांपेक्षा जड गेली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. गप्प बसलेला आरोपी स्वतःचा गुन्हाच लपवत असतो, असं मी तोवर धरून चालत होतो. कित्येकदा तो दुसऱ्या कोणाचा तरी मान झाकत असतो, आणि पोलिसाने आधी तो मान कोणाचा, हे शोधावं.

लग्नाला मला बोलावणं आलं. पंगतीत मुलीच्या बापाने हाताला धरून मला इवायांशेजारी नेलं. तिथे एक पांढरा दुपट्टा चौघडी करून अंथरलेला होता. त्याच्या कडेला आमच्या ठाण्याच्या लाखेचा लाल डाग पडला होता, धुऊनही न गेलेला. मी त्यावर बसलो. वाढप्याने वरण वाढलं. चांगलं गरम होतं. निवेपर्यंत आम्ही गप्पा मारत बसलो.