दुपारचा पहारा

देवाला आपलं ऐकू येतं की नाही, ही शंका मला लहानपणापासून होती आणि ती मी कधी कोणाजवळ बोललो नाही. इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडण्याचं माझं काम. आमच्या मोहल्ल्यातल्या मारुतीच्या देवळापुढे दर चैत्रात नामसप्ताह बसे, तेव्हा चारचौघांबरोबर मीही टाळ कुटायचो, पण मन बहुतेक दुकानातच असायचं. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं सरली असतील. त्या चैत्रात माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, त्यात अंगावर सूज, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई प्रत्येक खेपेला जास्तच गंभीर दिसत. घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. आई आणि मूल दोघं सुखरूप राहू देत, सप्ताहभर दुपारची वीणा मी धरीन, असा नवस बोललो. सप्ताहाचे म्हातारे बुवा खूश झाले. त्यांना वाटलं, गडी सुधारला.

सप्ताह बसला की वीणा उभी राहते. एक जण ती गळ्यात अडकवून देवापुढे उभा राहतो आणि तर्जनीनं तार छेडत राहतो. त्याचा पहारा संपला की दुसरा घेतो. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. सप्ताह उठेपर्यंत ती वीणा भुईला टेकत नाही आणि तिचा आवाजही थांबत नाही. दुपारचा पहारा सहसा कोणाला नको असतो. नागपूरच्या चैत्रात मांडवाचं कापड तापून वास मारायला लागतं, मंडळी जेवून घरोघरी आडवी होतात, आणि विणेकरी तेवढा देवासमोर उरतो.

पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी बोटाचं कातडं निघालं. मी खोबरेल तेलात हळद कालवून लावली, मिठाच्या कोमट पाण्यात बोट बुडवून बसलो. चिंधी बांधून पाहिली, तर तार बोबडी वाजायला लागली, म्हणून ती सोडून टाकली. मधलं बोट लावलं, तर ताल चुकायला लागला. मग पुन्हा तेच बोट. खरं म्हणजे मी तार छेडत नव्हतो, ओढत होतो. जितकं जोरात वाजवीन तितकं वर ऐकू जाईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. पुढे बोट पिकलं. नखाच्या कडेनं पू धरला, ठणका खांद्यापर्यंत जायचा. बुवा म्हणाले, राहू दे, दुसरा उभा करतो. मी ऐकलं नाही. बोट दुखतंय म्हणजे नवस देवाच्या खात्यात जमा होतोय, अशी माझी समजूत.

सप्ताह संपत आला होता. बायकोला आदल्या दिवशीच सरकारी दवाखान्यात नेलं होतं. सासूबाई तिच्याजवळ होत्या आणि मी मांडवात. बुवा जेवायला गेलेले, पुजारीही घरी. माझ्या मागून ज्याचा पहारा होता तो यायला अजून बराच अवकाश होता. तेवढ्यात आमच्या शेजारच्या काकू उन्हातून धापा टाकत आल्या. त्या सकाळपासून दवाखान्यातच होत्या.

"भाऊ, तिचं काही खरं नाही दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. "डाक्टरीणबाई म्हणते पोट उघडा लागते. नवऱ्याची सही पाह्यजे. चला लवकर."

पण वीणा द्यायची कोणाकडे? आमच्याकडे तेव्हा बायका वीणा धरत नसत, आणि काकू तर तिला हात लावायलाही भ्यायच्या. मांडवात तिसरं माणूस नव्हतं. आज वाचणाऱ्याला वाटेल, ठेवायची होती खाली. मलाही आता तसंच वाटतं. पण त्या वेळी माझी खात्री होती की वीणा भुईला टेकली की तिकडे बायकोचा जीव जाईल. आणि उभा राहिलो तर सहीवाचून जाईल. तिच्यासाठी धरलेली वीणा तिच्याच आड आली होती. मी तार वाजवत होतो आणि रडत होतो. बोटातून रक्त येऊन तार लाल झाली होती. मारुतीकडे पाहिलं. शेंदूर नेहमीसारखाच होता.

मांडवाच्या कडेला आमची पाणपोई होती. तिथे एक माणूस सायकल टेकवून पाणी पीत होता. पांढरा सदरा, खिशाला पेन, चाळिशीचा असावा. त्यानं काकूंचं बोलणं ऐकलं असणार. पेला पालथा घालून तो मांडवाच्या टोकाशी आला.

"मी मास्तर आहो, जरीपटक्याकडं चाललो होतो," तो म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो, मी बौद्ध आहो. तुमच्या देवाले मी हात जोडत नाही. पण माझा बाप पह्यले भजनात एकतारी वाजवे. तार वाजवत उभं राहाणं मले जमते. पटत असन त द्या."

काकूंनी पदर सावरला आणि त्या मागे सरल्या. मीही क्षणभर थांबलो. का थांबलो ते मला माहीत आहे, त्यालाही माहीत होतं. तो हात पुढे करून उभा राहिला. मी वीणा गळ्यातून काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. तार त्यानं लगेच धरली, आवाज तुटला नाही. रिवाजाप्रमाणे मी त्याच्या पाया पडलो. तो दचकून मागे झाला.

"हे काहून?"

"वीणा देताना दोघांनी पडायचं असतं," मी म्हणालो.

त्यानं थोडा विचार केला. "माणसाच्या पाया पडाले माही हरकत नाही," असं म्हणून वीणा एका हातानं सावरत तो वाकला आणि माझ्या धुळकट पायांना त्यानं बोटं लावली. मग म्हणाला, "सायकल घेऊन जा."

मी सायकल कशी मारली ते आठवत नाही. दवाखान्यात सही करताना पेन धरवेना, अक्षरं वाकडीतिकडी झाली आणि कागदावर रक्ताचा ठिपका पडला. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट धुऊन पट्टी बांधली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बायको वाचली होती. मुलगा नव्हता वाचला. अजून थोडा उशीर झाला असता तर दोघंही गेले असते, असं त्या म्हणाल्या. मी दोघं मागितले होते.

बायको शुद्धीवर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, जा, त्या माणसाची सायकल देऊन या. मी मांडवात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. टाळकरी जमले होते आणि वीणा अजून मास्तरांच्याच गळ्यात होती. पुढचा पहारेकरी केव्हाच आला होता. पण मास्तरांनी त्याला सांगितलं होतं की ज्यानं दिली तोच येऊन घेईल. मागे दोघं-तिघं कुजबुजत होते, वीणा धुवावी लागेल वगैरे. म्हाताऱ्या बुवांनी मोठ्यानं विचारलं, "भुईले टेकली काय गा?" कोणीतरी नाही म्हणालं. "मंग झालं," बुवा म्हणाले, आणि टाळ उचलले.

"बाई कशी आहे?" मास्तरांनी मला पहिलं तेच विचारलं. मी सांगितलं. ते हळूहळू तार वाजवत राहिले. मग वीणा माझ्या गळ्यात घालताना म्हणाले, "दुपारी पाहून राहिलो होतो. इतका जोर काहून लावता? हळू वाजवली तरी वाजते." आम्ही पुन्हा एकमेकांच्या पाया पडलो. सायकलवर बसून ते अंधारात जरीपटक्याकडे निघून गेले. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, याची चुटपुट अजून आहे.

मी पट्टी बांधलेल्या बोटानं तार छेडली. जोर लावायला ताकदच उरली नव्हती. तार वाजली, सगळ्या मांडवात ऐकू गेली. गेलेल्या मुलासाठी तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, आणि त्याच वेळी वाटलं की आता मागण्यासारखं माझ्याकडे काही नाही आणि तरी मी इथे उभा आहे.

पुढे देवानं आम्हाला एक मुलगी दिली. बायको अजून माझ्यावर रागावते, किराण्याचा हिशेब विसरलो की जास्त. तर्जनीचं नख मात्र वाकडंच उगवलं. दरवर्षी चैत्रात दुपारचा पहारा मी मागून घेतो. आता बोट दुखत नाही. पहारा संपला की वीणा पुढच्याच्या गळ्यात घालतो आणि वाकतो. समोर कोण आहे ते मान वर करून पाहत नाही. पाय दिसतात तेवढे पुरतात.