खंडेनवमीची रायफल

गराजमध्ये जवसाच्या तेलाचा डबा उघडला आणि ब्रिस्टलमधली पहिली खंडेनवमी आठवली. महायुद्धातली, जर्मन सैनिकांच्या नेमबाजीच्या सरावाची, दुर्बीण लावलेली रायफल मी नुकतीच घेतली होती. पूजेला शस्त्र लख्ख हवं, म्हणून तिचा लाकडी दस्ता पॉलिश पेपरने घासला, तेल पाजलं, हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी शेजारचे जॉर्ज आले. ते जुन्या बंदुकांचे संग्राहक. दस्त्यावरून अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, “डॉक्टर, इथे काही कोरलेलं होतं?”

“ओरखडे होते. काढले.”

“शिकाऊ सैनिक इथेच आपलं नाव कोरायचे,” ते हळूच म्हणाले.

आता माझ्याकडे अशा सात रायफली आहेत. खंडेनवमीला पहिलं फूल त्या गुळगुळीत दस्त्यावर ठेवतो. घासण्याआधी मी ते नाव वाचलंसुद्धा नव्हतं.