हात पाठीमागे ठेवून शिकवणारी मुलगी

आधी माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी लाज वाटते.

मुलगा अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करत होता, तेव्हा मी नातीला सांभाळायला गेले होते. आमच्या खालच्या मजल्यावर बोस्नियाची एक मुलगी राहायची, तीही विद्यापीठातच शिकायची. तिच्या देशातली लढाई नुकतीच थांबली होती. गावातल्या तरण्या पोरांची शाळेची वर्षं त्यात गेली, कारखाने जळाले, हाताला काम नव्हतं. त्यांच्यासाठी तिला कॉम्प्युटरचा वर्ग काढायचा होता. विद्यापीठाने टाकून दिलेली यंत्रं तिने घरभर रचली होती. रविवारी ती आणि माझा मुलगा दोन बिघडलेल्यांतून एक चालतं करायचे.

मी भाजी द्यायला जायची, पण दारातूनच परत फिरायची. एकदा तिने हाताला धरून मला खुर्चीत बसवलं.

मुलगा म्हणाला, "आई, ती तुझ्यावर शिकवायची प्रॅक्टिस करणार आहे."

"माझ्यावर? अरे, मोडलंबिडलं तर?"

त्याने तिला इंग्रजीत सांगितलं. ती हसून काहीतरी बोलली.

"म्हणतेय, मावशी, हा मोडलेलाच होता."

'मावशी' तेवढं ती आमच्यासारखंच म्हणायची.

मग तिने दोन्ही हात पाठीमागे धरले. माउस टेबलावरून खाली पडला, पडद्यावरचा बाण हरवला, मी रडकुंडीला आले, पण तिने हात पुढे केला नाही. नुसती सांगत राहिली, मुलगा मराठीत करत राहिला. आमचे गुरुजी चुकलं की पाटी हिसकावून स्वतःच लिहायचे. इथे नातीच्या पुस्तकातून शिकलेल्या इंग्रजी अक्षरांनी मी माझं नाव माझ्याच बोटांनी उमटवलं. एवढ्या लहान वयात एवढा धीर तिने कुठून आणला असेल!

यंत्रं खोक्यांत भरून झाली आणि जहाजाच्या भाड्याला पैसे कमी पडले. तिच्या गावच्या शाळेने वर्गासाठी खोली थोडेच दिवस राखून ठेवली होती. ती खोक्यावर बसून राहिली.

माझ्याकडे पैसे होते. तिथल्या विद्यार्थ्यांना पोळ्या करून देऊन जमवलेले. आमच्या गावच्या विहाराशेजारी मुलांच्या अभ्यासाची खोली बांधली होती, तिच्यावर पत्रे टाकायला ते मी गावाला कबूल केले होते.

मुलगा म्हणाला, "आई, परत नाही आले तर गावाला काय सांगशील?"

"हे उसने आहेत, असं सांग तिला. माझे असते तर असेच दिले असते."

तिने ऐकलं आणि मान डोलावली. वर्गातली मुलं फेडतील, म्हणाली.

"अजून वर्गच नाही आणि मुलं फेडणार!" मुलगा मला म्हणाला.

यंत्रं गेली, शिक्षण संपवून तीही गेली. त्या पावसाळ्यात आमच्या गावची खोली उघडीच राहिली. फोनवर धाकटी जाऊ म्हणाली, "अमेरिकेचे पत्रे बोटीने येतायत वाटतं, ताई?"

बऱ्याच महिन्यांनी थोडे पैसे आले आणि सोबत एक फोटो. वर्गातली मुलं दुकानांची बिलं छापून देत होती, त्या कमाईतले पैसे. फोटोत एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती, चेहरा माझ्यासारखाच घाबरलेला. तिच्या शेजारी एक मुलगा वाकून काही सांगत होता. त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते. आमची बोस्नियाची मुलगी फोटोत कुठेच नव्हती. तिच्यावाचून वर्ग चालला होता. मी तो फोटो फ्रिजवर लावला. पैशांची काळजी मला त्यानंतर वाटली नाही.

पुढे मुलाला अमेरिकेतच नोव्हाय नावाच्या दुसऱ्या गावी नोकरी लागली. शेवटचे पैसे तिथल्या पत्त्यावर आले. त्याने बेरीज केली आणि म्हणाला, "आई, पूर्ण फिटले."

मी म्हटलं, "मग आजच गावाला पाठव."